गंगम्माचा पुकारा

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लोखंडी खांबाला तोंड वासून बांधलेला, कावळ्यांनी पांढरा करून ठेवलेला एक जुना भोंगा दिसतो ना, तो मी. माझं तोंड रस्त्याकडं आहे. वळवायला कुणाला सवड झाली नाही, म्हणून ते कायम तिकडंच राहिलं.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा पत्रा, आत एक चुंबक, मागं दोन तारा, एवढंच माझं अंग. दुकानात मी दिमाखात टांगलेला होतो. लग्नाच्या मांडवात जाऊ, गाणी वाजवू, असं मला वाटायचं. पण त्याच साली, म्हणजे त्र्याण्णवला, भूकंप झाला आणि मला सास्तूरकडच्या मदतीच्या तंबूंत नेलं. तिथं मी गाणं वाजवलं नाही, नावं वाचली. कोण सापडलं, कोण नाही, कुणाची माणसं कुणाला शोधतायत. सकाळपासून अंधार पडेपर्यंत नावं. पहिले काही दिवस माझा पत्रा थरथरायचा. मग थरथरायचा थांबला. तेव्हापासून मी असाच आहे, बधिर. लसीकरण असो की कुणाची मयत, मी एकाच आवाजात सांगतो.

तंबू उठले आणि मी या गावात आलो. हे लोहारा तालुक्यातलं गाव, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. गल्ल्या सरळ, घरं सारखी. माझ्यामागं माईक धरून बोलायचं काम पंचायतीच्या शिपायाचं, बब्रुवानचं. बब्रुवान मोठा गमतीचा माणूस. "गावकऱ्यांना कळवण्यात येतं की" इथपर्यंत तो सरकारी बोलायचा आणि पुढं लगेच "नळाला पाणी आलंय, भरून घ्या, मग माझ्या नावानं बोटं मोडू नका" असं घरचं बोलायचा. बाया हसायच्या. कुणाची शेळी हरवली, रेशन आलं, कुणाची पोरगी बारावीला पहिली आली, सगळं माझ्याच तोंडून. त्या काळात माझं कौतुक फार होतं. पोळ्याला बैलांबरोबर मलाही कुंकवाचं बोट लागायचं.

पण माझं खरं काम एकच होतं. गावात कुणी गेलं की बब्रुवान गमती विसरायचा. गेलेल्या माणसाचं नाव दोनदा घ्यायचा आणि माईक ठेवायचा. याला गावात पुकारा म्हणतात. पुकारा झाला की पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरायचा, चहावाला स्टोव्ह विझवायचा, सोयाबीनचं मळणी यंत्र चालू असेल तर ते बंद व्हायचं. मयत श्रीमंताची की गरिबाची हे कुणी विचारत नसे. लोक माती देऊन परत येईपर्यंत गाव गप्प. ते गप्प गाव मला आवडायचं, हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

मग रस्ता मोठा झाला आणि कृष्णराज नावाचा माणूस गावात आला. एका कंपनीचा व्यवस्थापक, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. रस्त्याच्या कडेला त्यांना मोठं मंगल कार्यालय बांधायचं होतं, शेजारी हॉटेल आणि पेट्रोल पंप. त्यासाठी ग्रामसभेची परवानगी हवी होती. सभा माझ्या खालीच, पंचायतीच्या अंगणात भरली. तरुण पोरं म्हणाली, काम लागेल, होऊ द्या. म्हातारे म्हणाले, गाव गाव राहणार नाही. दोघांचंही खोटं नव्हतं.

तेव्हा सरपंच होत्या शिवकांताबाई. गाव त्यांना आक्का म्हणायचं. उंच, सावळी, पदर खोचून बसणारी बाई. त्यांनी एकेक अट घातली. दारू विकायची नाही. बहुमजली इमारत नको. बाजाराच्या मैदानाला कुंपण नको. कृष्णराज मान हलवत गेला. शेवटी आक्का म्हणाल्या, "आमच्याकडं मयत झाली की गाव थांबतं. तुमी गावात येणार, तर तुमाला बी थांबावं लागंल."

कृष्णराज हसला. "ताई, लग्नाचं ठिकाण आहे ते. मुहूर्त कसा थांबवायचा?"

"मुहूर्त थांबवा म्हणलंच न्हाय म्या. अक्षता टाका, जेवा. फकस्त वाजवू नका. आमची मयत तुमच्या फाटकावरनंच जाती. ती पुढं जाऊस्तोर गप बसायचं."

कृष्णराजनं मालकाला फोन लावला. मालक नाही म्हणाला. दुसरी सभा झाली, तिसरी झाली. अखेर मालक म्हणाला, थांबतो, पण बाजाराचं अर्धं मैदान गाड्या लावायला द्या. गावात गलका झाला. आठवडी बाजार मोडेल, भाजीवाल्या बाया कुठं बसतील? आक्का म्हणाल्या, "बाजार रस्त्याच्या कडंला बी बसंल. मयतीला दुसरा रस्ता न्हाय." लोकांनी कुरकुर केली आणि हात वर केले. भाजीवाल्या बाया आजही रस्त्याच्या कडेला उन्हात बसतात.

कार्यालय उभं राहिलं. खरं सांगतो, कृष्णराजनं शब्द पाळला. माझा पुकारा झाला की बँड बंद. एकदा एका नवरदेवाचा मामा त्याच्या अंगावर धावून गेला, तरी त्यानं वाजवू दिलं नाही. मयत फाटकावरून जायची आणि आत नटलेली माणसं उठून उभी राहायची. लांबच्या गावांत या गोष्टीचं नाव झालं. गाव असावं तर असं, असं पाहुणे म्हणायचे.

नंतर आक्कांचं सरपंचपद गेलं, मान मात्र गेला नाही. आणि त्याच कार्यालयात त्यांच्या एकुलत्या मुलाचं, शिवराजचं लग्न ठरलं. उन्हाळ्याचे दिवस. नवरीकडचे पाहुणे अक्कलकोटकडून आलेले. वरात निघाली आणि त्याच वेळी गावाच्या टोकाला गंगम्मा गेली.

गंगम्मा म्हणजे घरोघरी पापड लाटायला, धान्य निवडायला जाणारी म्हातारी. तिचा मुलगा सिद्धाराम शेतमजुरी करतो. तो धापा टाकत पंचायतीत आला. बब्रुवानला म्हणाला, "आई गेली. पुकार."

बब्रुवाननं माईक उचलला, बटण दाबलं. माझ्या तारेतून वीज आली. तेवढ्यात सिद्धारामला धावत येताना पाहून त्याच्या मागून आक्का आल्या. अंगावर नवी इरकल, कपाळावर घाम.

"बब्रुवान, जरा थांब," त्या म्हणाल्या. "वरात दारात हाय. तासाभरानं पुकार."

सिद्धाराम म्हणाला, "आक्का, माझ्या आईनं कुणाच्या बी मयतीला चूल पेटवली न्हाय."

"मला कळतंय रे बाबा. पर पाव्हणे लांबनं आल्यात. गंगम्मा काय आता कुठं जाणार हाय? तासभर थांब."

बब्रुवाननं बटण बंद केलं.

तासाचे दोन तास झाले. वरात नाचतच होती. ऊन वाढलं, आजारी गंगम्माला बघायला आदल्या दिवशीच आलेल्या सिद्धारामच्या नातेवाइकांना परत कर्नाटकात जायचं होतं. शेवटी त्यांनी गंगम्माला उचललं. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणं तिला खुर्चीत बसवून, गळ्यात हार घालून नेत होते. फाटकासमोर आली तेव्हा ती लग्नालाच आल्यासारखी दिसत होती. बँड जोरात वाजत होता. कृष्णराज बाहेर आला, त्यानं मयत पाहिली आणि बँडवाल्याकडं हात केला. शिवराजचे मित्र म्हणाले, "वाजव रे, आक्कांच्या घरचंच लगीन हाय." कृष्णराजनं आक्कांकडं पाहिलं. आक्कांनी मान फिरवली. कृष्णराजचा हात खाली आला. सिद्धाराम इकडं तिकडं न बघता पुढं गेला. मी तोंड वासून तसाच होतो. माझ्यात वीज नव्हती.

संध्याकाळी बब्रुवाननं पुकारा केला. "गंगम्मा. गंगम्मा." तोवर तिला माती देऊन माणसं घरी आली होती. गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत चढवला.

पुढच्या महिन्यात निवृत्त मास्तर बलभीम गेले. मी वेळेवर पुकारलं. गिरणी थांबली, चहावाला थांबला. कार्यालयातलं गाणं थांबलं नाही. गाव चिडून फाटकावर गेलं. कृष्णराज शांतपणे म्हणाला, "मी चार वर्षं थांबलो. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तुम्ही मात्र तुमच्या घरच्या लग्नात थांबला नाहीत. आता मालकाला मी काय सांगू?"

गर्दीत आक्का होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढंच म्हणाल्या. पण त्यानं गाणं थांबलं नाही. मास्तरांची मयत गाण्यातूनच पुढं गेली.

त्यानंतर चहावाला म्हणाला, ते थांबत नाहीत तर मी गिऱ्हाईक का सोडू? मग मळणी यंत्रवालाही तेच म्हणाला. गिरणीवाला अजून पट्टा उतरवतो, पण पीठ न्यायला आलेल्या बाया घड्याळ बघतात. बब्रुवान आताही नाव दोनदा घेतो. मी दोनदा सांगतो. खालून फटफट्या जातात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी काहीतरी मागते. माझी धूळ पुसा, तारा बदला, मला रंग द्या, असं मी मागणार नाही. पंचायतीनं परवाच नवी तार टाकली, माझा आवाज चांगला खणखणीत आहे. मला एवढंच सांगायचं आहे. परक्याला अट घालणं सोपं असतं, तेव्हा मी सगळ्यांनाच हवा असतो. ज्या दिवशी तुमच्याच दारात मांडव असेल आणि गावाच्या टोकाला कुणी गरीब माणूस गेलेलं असेल, त्या दिवशी माझं बटण बंद करू नका. त्या दिवशी मला बोलू द्या.