आई जेवत्यात

लढाईचे दिवस होते, घोंगड्यांना कधी नव्हे तो भाव आला होता, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात धुळाच्या मेंढरांत देवी शिरली. वडूजच्या बाजूला लालासाहेबांच्या पडीक रानात त्याची मेंढरं बसवलेली होती. माणसाला येते तीच ही देवी, यंदा मेंढरांकडं वळली एवढंच, असं धुळाच्या बायकोचं, दगडाबाईचं ठाम मत. तिनं मेंढरांभोवतीच्या जाळीला, वाघरीला, लिंबाचे डहाळे बांधले, फोडणी बंद केली आणि नवऱ्याला बजावलं, "शिवी द्यायची न्हाई. आईचा कोप हुईल."

इथंच धुळाची पंचाईत झाली. शिव्यांशिवाय त्याला मेंढरं हाकताच येत नसत. त्यातून कळपाच्या पुढं चालणारी भुरी मेंढी म्हणजे अट्टल चोर, कुणाच्याही पिकात घुसणारी. तिच्यावर तर त्यानं कायम तोंडसुख घेतलेलं. आता तिच्याच तोंडावर फोड उठले होते, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि धुळा हात जोडून तिला विनवत होता, "आई, थोडा पाला खावा. आवं, एवढं ऐका."

भुरी पाला हुंगून मान फिरवी. कोकरं आधीच दगावली होती. आता भुरीही जाणार म्हणून धुळाच्या घशाखाली भाकर उतरेना. पोटच्या पोरीसारखा त्याचा तिच्यावर जीव होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, भुरीला तर नाहीच नाही.

एका सकाळी भुरी जागेवर दिसेना. मरायला कुठं आडोशाला गेली असेल, या धास्तीनं धुळा पळत सुटला. बघतो तर बाई लालासाहेबांच्या शाळूत. एक ताट आडवं पाडून, सुजल्या तोंडानं, सावकाश कणीस खात होती. आणि तिच्या मागं लालासाहेब काठी उगारून उभे.

"आवं मालक, काठी खाली घ्या," धुळा धापा टाकत म्हणाला. "देवी हाय तिच्या अंगात. आई जेवत्यात."

लालासाहेबांचा हात वरच राहिला. पीक तर डोळ्यांदेखत चाललं होतं, पण देवीवर काठी टाकायची छाती होईना. शेवटी त्यांनी काठी बगलेत धरली, पायांतल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. भुरीनं दुसरं ताट पाडलं.

"आई लय जेवत्यात रं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कवा उरकंल?"

"लय दिसांच्या उपाशी हायत्या, मालक."

आणखी एक ताट गेलं, तसा लालासाहेबांचा धीर सुटला. हात जोडलेलेच ठेवून ते म्हणाले, "देवी गेली की मला सांगायचं, धुळा. हीच काठी घिऊन येतो. मग हिला सोडत न्हाई."

धुळाच्या डोळ्यांना धार लागली होती. भुरीच्या दातांखाली दाणे फुटत होते आणि तो नुसता ऐकत उभा होता.

"या की, मालक," तो म्हणाला. "मार खायाला जित्ती ऱ्हाऊ द्या हिला. मी सोता धरून देतो."