सक्त मना

इंग्रिद नॉर्वेहून धुळ्याला आली ती मराठी शिकूनच आली, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. तिच्या गावात एक म्हाताऱ्या नर्सबाई होत्या. तरुणपणी त्यांनी इकडच्या दवाखान्यात काम केलं होतं. तेव्हाची मराठी त्यांनी लोणच्यासारखी जपून ठेवली आणि ती या पोरीच्या गळी उतरवली. देवपुरातल्या भाजीवाल्याला इंग्रिद म्हणायची, "कृपा करून मजला दोन वांगी द्यावीत." तो घाबरून चार द्यायचा.

आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत वर्षभर बिनपगारी शिकवायला ती आली होती. वसतिगृहामागच्या खोलीत राहायची, सायकलवर पांझरेचा पूल ओलांडून बाजार करायची. जेवायला रोज कुणाकडे तरी बोलावणं असे. शेवभाजीने डोळ्यांत पाणी आलं तरी "उत्तम आहे" म्हणायची. वाढणाऱ्या बाईला वाटे, पोरीला आईची आठवण आली, म्हणून ती आणखी वाढायची.

या पोरीवर सगळ्यात खूश होत्या कोकिळाबाई. त्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेला, मुलगा पुण्यात. रविवारची शाळा त्या माझ्या लहानपणापासून घेत आल्या आहेत, आणि त्यांचा सोमवार ते शनिवार रविवारच्या तयारीतच जातो. त्यांचा नियम एकच: वर्गात अहिराणी बोलायची नाही. कुणाच्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की टेबलावर फूटपट्टी आपटलीच. वसतिगृहातली मुलं साक्रीकडची, खेड्यातली. ती बिचारी तोंडच उघडत नसत. बाई म्हणत, माझ्या वर्गाला शिस्त आहे.

भाचीच्या साखरपुड्यासाठी कोकिळाबाई जळगावला गेल्या आणि त्या रविवारी इंग्रिदने एकटीने वर्ग घेतला. तो संपल्यावर ती पांढरीफटक पडून पाळकसाहेबांच्या घरी आली. मी कमिटीचा सेक्रेटरी, चहाच्या वेळी तिथे हजर असतोच. ती म्हणाली, "मी येशूचा फोटो दाखविला. मुले ओरडू लागली, येशू मना आहे. फोटो मना आहे. खडूसुद्धा मना आहे. मी विचारिले, हे कोणी मना केले? सर्व म्हणाली, कोकिळाबाईंनी."

मना म्हणजे बंदी. नर्सबाईंच्या काळात दवाखान्याच्या दारावर पाटी असे, 'आत येण्यास सक्त मना आहे'. म्हणजे ज्या बाईने आम्हा सगळ्यांना प्रभूची प्रार्थना शिकवली, तिने मुलांना प्रभूचीच बंदी घातली. पाळकसाहेबांचा चहा तसाच राहिला. इंग्रिदने घरीही फोन केला होता. पुढच्या रविवारी नॉर्वेतल्या तिच्या चर्चची अख्खी मंडळी कोकिळाबाईंचं हृदयपरिवर्तन व्हावं म्हणून गुडघे टेकून बसली.

इकडे कमिटी बसली. आम्ही सगळे घरी अहिराणी बोलतो. मी तर बायकोशी भांडतोसुद्धा अहिराणीतच, दुसऱ्या भाषेत मला जिंकता येत नाही. पण कमिटीत आलो की सगळे बातम्या दिल्यासारखे बोलतो. तेव्हा शुद्ध मराठीत ठरलं की कोकिळाबाईंचा सत्कार करावा. आमच्याकडे कुणाला काढायचं असलं की शाल आणतात.

जळगावहून परतल्यावर शालीचं ऐकून कोकिळाबाईंनी रविवारच्या तयारीची वही मिटली. मग म्हणाल्या, "आणि रविवारी मी काय करू?"

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटतच मी शालीचा रंग लिहून घेतला.

तरी पाळकसाहेब न्यायाचे, म्हणाले, मुलांनाही विचारू. वर्गातली सर्वात धीट म्हणून रुपलीला बोलावलं. त्या दिवशी तू येशूबद्दल काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं. रुपलीने कोकिळाबाईंकडे बघितलं आणि एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाली, "येशू माझा आहे."

इंग्रिद म्हणाली, त्या दिवशी असे नव्हते. कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. पोरीला पढवून आणलं म्हणायचं. आता शालीबरोबर नारळही लागणार होता.

कोकिळाबाई मात्र पोरीच्या ओठांकडे बघत होत्या. मघाशी 'माझा' म्हणण्याआधी ते एकदा वेगळेच हलले होते. बाईंनी डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते आम्ही उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "रुपले, घरमा जसं बोलस तसंच बोल."

रुपलीने आधी बाईंच्या हातात पट्टी आहे का ते पाहिलं. नव्हती.

"येशू मना शे," ती म्हणाली.

मना, म्हणजे माझा. आमच्या आयांनी आम्हाला 'मना राजा' म्हणतच वाढवलं, आणि आम्ही तो शब्द ओळखला नाही, कारण इंग्रिदने 'शे'चं 'आहे' करून आणलं होतं. शुद्ध बोलावं म्हणून. त्या रविवारी पट्टी नव्हती, तर मुलं जीव खाऊन भांडली होती: येशू माझा, नाही माझा, फोटो माझा, खडू माझा.

कमिटी हसून हसून खुर्चीतून घसरली. सत्कार रद्द झाला. इंग्रिद लाजून लाल झाली, पण नीट समजल्याखेरीज सोडेल ती इंग्रिद कसली. तिने रुपलीला विचारलं, "तर मग कोकिळाबाईंनी काय मना केले होते?"

रुपली म्हणाली, "'मना' म्हननं मना शे."

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. कोकिळाबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांनी रुपलीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

शाल तोवर आणून झाली होती आणि दुकानदार परत घेईना. ती आम्ही इंग्रिदच्या खांद्यावर घातली. तिला भरून आलं. सगळ्यांकडे बघत, हात जोडून, ती आयुष्यातलं पहिलं अहिराणी वाक्य बोलली, "ही शाल मना शे."

रुपली फिदीफिदी हसली. कोकिळाबाईंचा हात सवयीने टेबलावर पट्टी शोधू लागला.

"मनी शे," त्या म्हणाल्या. "शाल मनी. शुद्ध बोलावं माणसाने."