आतल्या बाजूची सही

सर्बियातल्या निश शहरात कॉम्प्युटर जोडून देणारे डझनभर असतील, पण गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलून देणारा वितोमिर एकटाच. बाजाराच्या तोंडाशी त्याचं तळघरातलं दुकान होतं. चार पायऱ्या उतरून आलेल्या माणसाला बसा म्हणायची तिथे पद्धत नव्हती. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काम काय करणार यावर?" ज्याला त्याचं उत्तर देता येत नसे, त्याला तो साधा पंखासुद्धा दाखवत नसे.

"सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड टाका, बाकी काहीही चालेल," असं कोणी म्हणालं की संपलं.

"बाकी काहीही? म्हणजे एक पाय घोड्याचा आणि तीन शेळीचे. पळव जा."

लोक चिडायचे, शिव्या घालत पायऱ्या चढायचे, आणि महिनाभराने त्यातले निम्मे मान खाली घालून परत यायचे. कारण वितोमिरचं यंत्र बंद पडत नसे. प्रोसेसरला झेपेल तेवढंच कार्ड, कामाला पुरेल तेवढी रॅम, हवा खेळेल असं कॅबिनेट, आणि या सगळ्यांचं ओझं वाहून वर थोडा दम शिल्लक राहील असा पॉवर सप्लाय. एक भाग दुसऱ्याच्या उरावर बसलेला त्याला खपत नसे. माणसांच्या बाबतीत त्याला हे कधीच जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

यंत्र पुरं झालं की तो मागचा पत्रा उलटा करून त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेनाने तारीख लिही आणि खाली सही करी. बाहेरून ती कोणाला दिसत नसे. जे यंत्र आपलं म्हणायला लाज वाटत नाही, त्यावरच सही. पंचवीस वर्षांत बिनसहीचं यंत्र दुकानाबाहेर गेलं नव्हतं.

या सहीची गोष्ट माहीत असलेलं जगात एकच माणूस होतं, कालिना. वितोमिर तिचा कुम, म्हणजे धर्मपिता; या नात्याने दोन्ही घरची माणसं एकमेकांना कुमच म्हणतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये त्यानेच तिला हातावर धरलं होतं, नावही त्यानेच ठेवलं होतं. आठ वर्षांची असल्यापासून ती शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची, टॉर्च धरायची, आणि सही झाली की ओली शाई वाळावी म्हणून गाल फुगवून फुंकर मारायची. फुंकर मारल्याशिवाय पत्रा लावायचा नाही, हा तिचा नियम होता. अख्ख्या शहराला धारेवर धरणारा माणूस हा नियम मुकाट्याने पाळत असे.

आता ती तेवीस वर्षांची होती आणि बेलग्रेडला ॲनिमेशन शिकत होती. धरणाखाली बुडालेल्या एका गावाची चार मिनिटांची फिल्म करत होती. घराघरांत पाणी शिरतं, कपाटात मासे फिरतात, असं काहीतरी. ल्युब्लियानातल्या एका स्टुडिओने तिला शब्द दिला होता, डिसेंबरच्या आत फिल्म पाठव, आवडली तर जागा तुझी. त्या एका जागेसाठी तिने दीड वर्ष दुसरं काही पाहिलं नव्हतं. शेवटच्या कामाला कॉलेजची यंत्रं पुरणार नाहीत हे ओळखून वितोमिर गुपचूप तिच्यासाठी भाग जमवत होता. फळीवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला खोका होता. हवी तशी रॅमची जोडी तेवढी यायची राहिली होती. दुसरी मिळत होती, पण ती त्याच्या मनास येईना. कालिनाच्या यंत्रात मनास न येणारं काही घालायचं नाही म्हणून तो वाट बघत बसला.

ऑक्टोबरमध्ये दोब्रिवोये आला. दोब्रिवोये म्हणजे कालिनाचा बाप, बाथरूमच्या फरशा आणि टब विकून गबर झालेला. एके काळी दोघं गळ्यात गळे घालून फिरायचे. पण गेल्या वर्षी दोब्रिवोयेच्या घरच्या संताच्या सणाला, सगळं गोत जेवायला बसलेलं असताना, तो राकियाचा, तिथल्या कडक दारूचा, पेला उंचावून म्हणाला होता, "आमच्या कुमाच्या नावाने! बिचारा आयुष्यभर स्क्रू पिळतोय, पण अजून एकही घट्ट बसला नाही." सगळे पोट धरून हसले. कालिना हसली नव्हती, पण वितोमिरच्या कानात बाकीच्यांचंच हसू राहिलं.

दोब्रिवोयेच्या माणसांनी सात खोके आणून टेबलावर ठेवले.

"कुम, हे जोडून दे," तो म्हणाला. "सगळं मीच निवडलंय. तुझ्या डोक्याला ताप नको."

वितोमिरने एकेक खोका उघडला. ग्राफिक्स कार्ड बाजारातलं सगळ्यात महागडं, विटेएवढं. प्रोसेसर त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. रॅमची एकच पट्टी. कॅबिनेट मागचा पत्रा सोडून सगळीकडून काचेचं, हवेला आत यायला जागा नाही. आणि पॉवर सप्लाय असा, की वितोमिरने तो हातात घेऊन नुसता तोलला आणि परत ठेवला. चांगला पॉवर सप्लाय जड लागतो. हा पावाच्या लादीसारखा हलका होता.

"काय, बोलती बंद झाली ना?" दोब्रिवोये म्हणाला. "असं कार्ड तुझ्या दुकानाने कधी बघितलं नसेल."

"नाही बघितलं."

"शोरूमसाठी हवंय. गिऱ्हाइकाला त्याची अख्खी बाथरूम पडद्यावर दाखवायची. आणि ते हिरवे दिवे आहेत ना आत, ते सगळे पेटले पाहिजेत."

एरवी वितोमिरने ते खोके पायऱ्यांवरून भिरकावले असते. पण कुमाला नाही म्हणता येत नाही. सख्ख्या भावाशी अबोला धरता येतो, कुमाचं काम नाकारलं तर शहरात तोंड दाखवायला जागा राहत नाही. निदान चार खरमरीत शब्द तरी तो सुनावू शकला असता. हे कार्ड या पॉवर सप्लायवर तासभरही चालणार नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही. मग त्याला राकियाचा तो पेला आठवला, आणि त्याने ते गिळलं.

तू निवडलंस ना? मग भोग. भर शोरूममध्ये, गिऱ्हाइकांच्या देखत अंधार होऊ दे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं.

"तू म्हणशील तसं, कुम," तो म्हणाला.

"आँ? भांडणार नाहीस?"

"कशाला? तुला कळतं की सगळं."

दोब्रिवोये खूश झाला. जाता जाता त्याची नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली, तिथल्या नावावर क्षणभर थांबली, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीशी खुन्नस येऊन गेली. पण ती वितोमिरला दिसली नाही. तो आपल्याच खुन्नसमध्ये दंग होता.

तीन दिवसांनी यंत्र तयार झालं. हिरवे दिवे पेटले. फरशीवाल्याला हिरव्या दिव्यांचं काय कौतुक, असं वितोमिरच्या मनात आलं. हिरवा रंग कोणाच्या आवडीचा आहे हेही त्याला माहीत होतं. पण तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने काम काय करणार हा प्रश्न मनापासून विचारला नव्हता, आणि जे उत्तर मिळालं होतं त्यावर त्याला समाधान मानायचं होतं. मागचा पत्रा त्याने तसाच कोरा लावला.

त्यानंतर तो शोरूममधून बोंब येण्याची वाट बघत बसला. आठवडा गेला, दोन गेले. बोंब आली नाही. त्यामुळे तो आणखीच खवळला आणि त्याने त्या पंधरवड्यात सहा गिऱ्हाइकं हाकलली.

नोव्हेंबरच्या मध्यावर कालिनाचा फोन आला. समोर एक दाढीवाला पॉवर सप्लायच्या वॉरंटीवरून हुज्जत घालत होता.

"कुम, एक विचारू? माझ्या नदीचा सीन आला की यंत्र बंद पडतं. धप्पकन. सारखं."

"मग सीन जड केला असशील तू," वितोमिर म्हणाला. एक हात त्याने दाढीवाल्याच्या तोंडासमोर धरला होता.

"यंत्राचं काही नसेल ना? म्हणजे, यंत्र चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये."

"नीट जोडलेलं यंत्र चुकत नाही गं. चुकतो तो माणूस. कापून टाक थोडं."

"नदी कापू?"

"अर्धी ठेव. बघणाऱ्याला काय कळतंय?" मग दाढीवाल्याकडे वळून, "तुला नाही रे, पण तुलाही काही कळत नाही!"

फोन ठेवल्यावर कुठलं यंत्र, असा प्रश्न त्याला पडला. कॉलेजचं असेल. त्याने रॅम विकणाऱ्याला फोन लावून आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पुढच्या आठवड्यात रॅम आली, त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवून कालिनाचं यंत्र जोडलं. साधं काळं कॅबिनेट, एकही दिवा नाही, दिवसभर राबवलं तरी आवाज नाही. फक्त सही बाकी ठेवली. फुंकर मारायला ती हवी होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ती आली. चारही पायऱ्या ती पाठमोरी उतरली, कारण हातांत जड काहीतरी होतं. तिने वळून ते टेबलावर ठेवलं, आणि वितोमिरला ते काचेचं कॅबिनेट दिसलं.

"हे तुझ्याकडे कसं?" त्याने विचारलं.

"कसं म्हणजे? माझंच आहे ना. बाबा म्हणाले, भाग मी घेतले, जोडलं कुमाने. जोडून होईस्तोवर तुला कळू द्यायचं नव्हतं म्हणे माझ्यासाठी आहे ते, नाहीतर तू सगळं बदलून टाकलं असतंस." ती दमलेली दिसत होती, पण हसली. "मला यंत्राचं नाही रे, याचंच जास्त वाटलं, की तुम्ही दोघं एका टेबलाशी उभे राहिलात. फोनवर उघड बोलायचं धाडसच होईना. म्हटलं, मी तक्रार केली तर परत भांडाल."

"फिल्म?"

"पाठवली. वेळेत पाठवली." ती स्टुलावर बसली. "तू म्हणालास तशी नदी अर्धी केली. तरी बंद पडायचं. मग मासे काढले. मग घरांमधलं पाणी काढलं. शेवटी नुसतं गाव उरलं, कोरडंठाक. काल पत्र आलं त्यांचं. चित्रं छान आहेत म्हणे, पण गाव बुडालं कशात ते समजत नाही. जागा दुसऱ्या कोणाला दिली."

वितोमिरने फळीवरच्या काळ्या कॅबिनेटकडे पाहिलं.

"जाऊ दे. माझंच चुकलं कुठेतरी. तू जोडलेलं यंत्र, त्यात खोट कशी काढणार?" तिने स्क्रू ड्रायव्हर स्वतःच उचलला, इथलीच सवय ती. "मी आले ते वेगळ्याच कामाला. आणल्या दिवशीच मागचा पत्रा उघडून बघितला होता. तू सही विसरलास. म्हटलं म्हातारा झाला माझा कुम. घे, कर आता."

तिने पत्रा काढून त्याच्यापुढे ठेवला. कोरा, स्वच्छ. मग तिची नजर आत गेली; पहिल्या दिवशी तिने नुसती सही शोधली होती. तिला टॉर्च धरून पंधरा वर्षं झाली होती, पॉवर सप्लायवरची चिठ्ठी वाचायला तिला कोणाची गरज नव्हती. तिने ती वाचली, मग कार्डाकडे पाहिलं, मग परत चिठ्ठीकडे. एकदा स्क्रू सैल करून तो डबा हातावर तोलला आणि परत बसवला.

"हे तू बसवलंस?"

"तुझ्या बापाने आणलं होतं."

"बाबांना काय कळतंय यातलं! तू बसवलंस?"

"हो."

"बघितलं नव्हतंस?"

खोटं बोलायला जागा होती. घाईत होतो, डोळे अधू झालेत, काहीही चाललं असतं. पण समोर तो कोरा पत्रा पडला होता.

"बघितलं होतं," वितोमिर म्हणाला. "शोरूमसाठी आहे म्हणाला. म्हटलं, पडू दे तोंडावर."

कालिनाने पत्रा उलटसुलट करून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. ती रडेल असं त्याला वाटलं, ओरडेल असंही वाटलं. तो उठला, फळीवरून काळं कॅबिनेट उतरवून तिच्यासमोर ठेवलं. "हे तुझं. हे खरं तुझं. पुन्हा करू फिल्म, त्या लोकांना मी स्वतः पत्र..."

"म्हणजे विसरला नव्हतास," ती म्हणाली.

तिने काळ्या कॅबिनेटकडे पाहिलंही नाही. टेबलाच्या खणात पांढरं पेन कुठे असतं हे तिला माहीत होतं. तिने ते काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"कर सही."

"यावर नको, कालिना. हे माझं नाही."

"तुझंच आहे. माझी फिल्म यानेच केली. कर."

त्याने पेन घेतलं. तारीख लिहिली. मग त्याने खाली सही केली, नेहमीसारखी, फक्त शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं. सवयीने त्याने पत्रा तिच्याकडे सरकवला आणि वाट बघत राहिला.

तिने फुंकर मारली नाही. ओली शाई तशीच आत घालून तिने पत्रा दाबून बसवला, चारही स्क्रू पिळले, यंत्र उचललं आणि पायऱ्या चढून गेली.