वाटणीच्या रेघेपर्यंत

पश्चिमेच्या भिंतीला ओल यायची, म्हणून ॲन्सेल्मने तिला बाहेरून पीव्हीसीच्या पट्ट्या ठोकायचं ठरवलं. घराची वाटणी झालेली, भिंत अर्धी त्याची, अर्धी धाकटा भाऊ मार्कची आणि मार्कशी बोलणं बंद. ॲन्सेल्मने टेप लावला, खिडकी वजा केली आणि बरोबर वाटणीच्या रेघेपर्यंतच माप घेतलं.

"अहो, पाणी काय रेघ बघून थांबणार?" बायको मटिल्डा म्हणाली.

"त्याच्या भिंतीला माझी अर्धी पट्टीसुद्धा लागणार नाही!"

जुलैत मार्कच्या भिंतीवरचं पाणीही रेघेवरच्या फटीतून पट्ट्यांमागे शिरलं आणि ॲन्सेल्मच्या स्वयंपाकघरात धो धो उतरलं. शेवटी नाक मुठीत धरून तो मार्ककडे गेला. "तुझ्या भिंतीचं माप घेऊ दे. पट्ट्या मीच लावतो."

"नको रे दादा," मार्क म्हणाला. "यंदा माझ्याकडे पहिल्यांदाच कोरडं आहे."