तांदळात लिहिलेलं नाव

साखरा हे नाव तेजश्रीला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, पण मांडवात नवरीला विचारतंय कोण? सासूला, केशरबाईला, आपल्या आईचं नाव सुनेला द्यायचं होतं. भारतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं आणि झालं. अंबाजोगाईच्या नर्सिंगच्या कागदांवर तेजश्री, पालीच्या घरात साखरा.

भारत अपघातात गेला तेव्हा सायली चार वर्षांची होती. पोरीला सासूपाशी ठेवून तेजश्री जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरीला गेली. वर्षभरात पोरीला नेते म्हणून गेलेल्या बाईची तीन वर्षं गेली, कारण पोरीच्या व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला. पासपोर्टावर तेजश्री, सायलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून साखरा. आता तिकडच्या साहेबाला मांडवातले तांदूळ कोण समजावून सांगणार? त्याच्या लेखी पोरीची आई दुसरीच कुणीतरी होती. ते नकाराचं पत्र वाचून तेजश्री दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली होती.

शेवटी वीस दिवसांची रजा काढून ती पालीला आली. ग्रामसेवक भला माणूस. दाखला दुरुस्त होईल म्हणाला, पण ज्यानं जन्माची नोंद दिली त्यानं येऊन शपथेवर सांगावं, आणि नाव बदलल्याचा काहीतरी पुरावा आणावा. नोंद दिली होती केशरबाईनं, आणि केशरबाईचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरले. मग एकादशी आली, मग शेतात पाणी द्यायचं निघालं. लग्नाचा अल्बम मागितला तर म्हणे उंदरानं खाल्ला. असा कसा उंदीर, जो पेटीत शेजारीच ठेवलेला शालू सोडून फोटो खातो? तेजश्रीला सगळं कळत होतं. म्हातारीला पोर सोडवत नव्हती. राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची, कारण तीन वर्षं पोरीची वेणी याच म्हातारीनं घातली होती.

सोळाव्या दिवशी सायली शाळेतून आली आणि दप्तर न ठेवताच आजीपुढं उभी राहिली.

"आजी, मम्मी माझी खरी मम्मी न्हाई का? दाखल्यावर दुसऱ्याच बाईचं नाव हाय म्हणं."

केशरबाईच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली. तिनं हात धुतले, आत गेली, आणि बराच वेळ पत्र्याच्या पेटीचा आवाज येत राहिला.

सकाळी तेजश्री उठते तो सासू इरकल नेसून दारात तयार. गुडघ्यांचं नावसुद्धा नाही. पंचायतीत तिनं ग्रामसेवकापुढं अल्बम उघडला. फोटोत ताट, तांदूळ, त्यात कोरलेलं नाव, आणि बाजूला खाली मान घालून बसलेली नवरी.

"हिचं नाव तेजश्री," केशरबाई म्हणाली. "साखरा मी केलं. हिला इचारलं न्हवतं. पोरगी हिचीच हाय, माझ्या हातावर जलमली. लिवा तुमी."

 तेजश्रीनं सासूचा हात धरला तो सही करायची वेळ येईपर्यंत सोडला नाही.

रजा बिनपगारी वाढवावी लागली. दुरुस्त दाखला जोडून तिसऱ्यांदा अर्ज गेला, आणि या वेळी व्हिसा आला. केशरबाईनं लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले आणि न्हाणीत जाऊन एकटीच रडून घेतलं. तेजश्रीनं तेव्हाच ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात सासूलाही तिकडं न्यायचं. पासपोर्टाचा फॉर्म तिनं जाण्याआधीच भरून टाकला.

निघायच्या दिवशी जीपभोवती अर्धी पाली जमली. सायली खिडकीत बसून सगळ्यांना टाटा करत होती. मागून शेजारच्या सुंदरबाईनं मोठ्यानं विचारलं, साखरा निघाली का गं?

केशरबाई कमरेवर हात ठेवून वळली.

"कोण साखरा? ती माझी आई, कवाच गेली. ही माझी सून हाय, तेजश्री. अन् ती तिच्या लेकीला घेऊन चाललीय."