सूर्यफुलाची फेरतपासणी

दोन वर्षांपूर्वी मी अख्ख्या प्रयोगशाळेत बोंब ठोकली होती: आपल्या सूर्यफुलाच्या बियांत सत्तेचाळीस टक्के तेल! बी नीट वाळवलंच नव्हतं, आणि यंत्राने ओलसुद्धा तेलातच धरली. वाळवल्यावर आकडा आला एकोणचाळीस, साध्या बियांपेक्षाही कमी. तेव्हापासून माझं नावच पडलं ‘सत्तेचाळीस’.

आज शेवटची संधी होती, प्रयोगशाळेच्या साहेबांनीच दिलेली. चव्वेचाळीसच्या वर गेलो नाही तर काम बंद, आणि माझं हरितगृह बटाट्यावर काम करणाऱ्या गटाला. जास्त तेल साठवायला लावणारा जनुक मी स्वतः या रोपांत घातला होता. चार वर्षं पोटच्या पोरांसारखं जपलं होतं त्यांना.

तपासणीच्या खोलीत माझी सख्खी ताई असते. बहीण म्हणून सवलत? नाव काढू नका! तिने बी आधीचे दोन दिवस भट्टीत वाळवलं होतं, वजन घटायचं थांबलं तेव्हाच आज यंत्रात घातलं.

सेहेचाळीस.

मी आकडा मोठ्याने वाचला. साहेब मात्र हसले. “काय हो सत्तेचाळीस, परत ओलं का?”

माझं डोकंच फिरलं. “विश्वास नसेल तर तेल काढून तोला!” मी ओरडले. ओरडून बसले आणि मग सुचलं, खरंच कमी भरलं तर?

ताईने दहा ग्रॅम बी दळलं, तेल सुटायला द्रावकात उकळत ठेवलं आणि मला दाराकडे बोट दाखवलं. “तू बाहेर. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीने हात लावला.”

सहा तास मी जिन्यात बसून नखं खाल्ली. साहेब दोनदा डोकावून गेले.

शेवटी हाक आली. द्रावक उडून गेला होता, भांड्याच्या तळाशी पिवळंधमक तेल. साहेबांनी स्वतः तोललं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चार पूर्णांक सहा ग्रॅम. दहातले चार पूर्णांक सहा!

“पुढच्या हंगामात चाचणीच्या शेतात पेरा,” ते म्हणाले. “आणि चुकलं माझं.”

जिंकलो! मी चक्क उड्या मारल्या, साहेबांसमोर, लाजबीज सोडून. ताई पाठ करून उभी होती. मला वाटलं, आता ओरडणार. तिने वळून फोन माझ्या हातात कोंबला.

“आईला तू सांग,” ती म्हणाली. “मला बोलताच येत नाहीये.”