हाव म्हणजे हिरवं

“नुसत्या ‘हाव’वर सोडू नोको वो दिव्या,” शामकलाबाईनं काम सोडून जाताना बजावलं होतं. “आपली माणसं ‘आयकून राहिलो’ म्हणायलेही हावच म्हणतेत. कायची भाजी केली, ते इचारत जाय.”

दिव्यानं हसण्यावारी नेलं. “मावशी, आता मशीन इचारते. तिले कायले पाहिजे तुमची भाजी?”

कुडवा गावात एका दुकानाच्या माडीवरून चंद्रकुमार ‘खुशाली’ नावाचं ॲप चालवायचा. आसपासच्या गावांत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन जायचा. शामकलाबाई आणि दिव्या बोलायच्या, आवाज बरा वाटला नाही की शेजाऱ्याला धाडायच्या. मग ते ॲप बंगळुरूच्या कंपनीनं विकत घेतलं. चांगली चालती ॲपं हेरायची, घ्यायची, आतली माणसं कमी करायची आणि पुढच्याकडे वळायचं, हाच तिचा धंदा. चंद्रकुमारच्या दारात नवी गाडी आली, शामकलाबाई घरी बसली. दिव्याला ठेवलं, कारण मशीनला इथली बोली शिकवायची होती. आवाजही तिचाच भरून घेतला. तिनं नाही म्हटलं नाही. तिची लेक गुंजन अजून अंगावर पीत होती, नोकरी हवी होती.

“तिकडे ‘होय’ला काय म्हणतात?” कंपनीच्या साहेबानं व्हिडिओ कॉलवर विचारलं.

“हाव.”

“मग हाव आलं की नावापुढे हिरवा दिवा आणि फोन बंद. पाल्हाळ नको, दिव्याजी.”

दिव्याची आई बायजाबाई तिरोड्यापलीकडे, जंगलाच्या कडेला एकटीच राहायची. तिला बटण दाबणं जमेना, म्हणून फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय दिव्यानंच केली आणि तो पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला. “गाईच्या गळ्यात घाटी बांधते तसं केलंस मले,” म्हातारी कुरकुरली.

त्या आठवड्यात गुंजन तापानं फणफणली होती. तिच्या कपाळावर घड्या ठेवता ठेवता दिव्या दिवसातून एकदा स्क्रीन बघायची. आई हिरवी. हिरवी आहे म्हणून तिनं स्वतः फोन केला नाही.

मग शेजारच्या केवलरामचा फोन आला. “बाई, तुह्या मायले न्हाणीमांगं पडलेली पाहिली. आता घाई करून काही फायदा नाही. गाडी हळू चालव.”

माती देऊन झाल्यावर, माहेरच्या ओसरीवर बसून, दिव्यानं मोबाईलवर आईचे कॉल ऐकले.

“नमस्कार आजी, तुम्ही बऱ्या आहात ना?” तिचाच आवाज विचारत होता.

“हाव. दिव्या, आयक न वो, मी पडलो, पाय...”

“छान! काळजी घ्या.”

दुसऱ्या सकाळी: “हाव, हाव... काऊन ठेवून देतेस वो फोन? बाई, पानी...”

“छान! काळजी घ्या.”

शेवटच्या कॉलमध्ये आईला लेकीवर रागही धरवत नव्हता. नुसतं “हाव.” आणि लेकीनं तिला छान म्हटलं.

तिनं साहेबाला फोन लावला. “फार वाईट झालं,” तो म्हणाला. “पण उत्तर आलं होतं, म्हणजे सिस्टमची चूक म्हणता येत नाही. बरं, छत्तीसगडचं एक ॲप घेतोय आपण. तिथंही तुमचाच आवाज लावतोय. लोकांना घरचा वाटतो.”

“लावू नका. आणि सगळ्यांचे कॉल आधी ऐका कोणीतरी.”

“तुम्ही दुःखात आहात. विश्रांती घ्या.”

तिनं विश्रांती घेतली नाही, एकेकाचा कॉल उघडून ऐकत बसली. बिरसीचे फागूबाबा, त्याच सकाळचा कॉल. हिरवे. “हाव,” म्हणतानाच त्यांना धाप लागली होती, आणि मागे बांधलेल्या शेळ्या जीव तोडून ओरडत होत्या. उन्हं वर आली तरी कोणी सोडल्या नव्हत्या. ती नंबर टिपून घेणार, तोच पडदा पांढरा झाला. कंपनीनं तिचं लॉगिन बंद केलं होतं, शेजाऱ्यांचे नंबरही आतच राहिले.

बिरसीत तिच्या ओळखीचं कोणी नाही. साहेब फोन उचलत नाही. गुंजनला पोटाशी बांधून ती स्कूटीवर निघाली आहे, पण तिरोड्यापलीकडून बिरसी जवळ नाही. वाटेत दिसेल त्याला थांबवून ती जे सांगते आहे, तेच तुम्हालाही सांगते: तुम्ही त्या बाजूला असाल तर हे वाचणं सोडा आणि जा. विमानतळाच्या भिंतीकडच्या वस्तीत फागूबाबांचं घर विचारा. बाहेरून हाक मारून परत फिरू नका. दार ढकला, आत जा, घरामागेही बघा.